घासून गेलेलं नाव

आमच्या घरात मराठी बोलणारी माणसं शेवटी दोनच उरली होती. बाबा आणि मी.

आई मी कॉलेजात असतानाच गेली. भाऊ नागपूरला नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. राज्यं वेगळी झाली तेव्हा मी शाळेत होते. त्याआधी नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती, जाणंयेणं घरच्यासारखं होतं. पुढे जबलपुरात आम्ही राहायचो त्या खमरियाच्या क्वार्टरांतून एकेक मराठी कुटुंब बदली मागून निघून गेलं. बाबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंडाऱ्याकडच्या खेड्यातून इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आले होते. त्यांनी बदली मागितली नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "काहून जाऊ? इथं मशीन मले जात नाही इचारत." पण संध्याकाळी सायकल भिंतीला लावून आत आले की म्हणायचे, "बोल ओ माय काही. दिवसभर हिंदी बोलून तोंड आंबलं."

मी प्राचीन इतिहासात एम.ए. केलं आणि सिविल लाइन्समधल्या पुरातत्त्वाच्या कार्यालयात लागले. जुना बंगला होता, उंच छताचा. माझं काम शिलालेखांचे आणि ताम्रपटांचे ठसे घेण्याचं. ओला केलेला जाड कागद अक्षरांवर पसरायचा, ब्रशनं ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, मग कापडात बांधलेल्या कापसाच्या बोळ्यानं वरून हलकेच शाई लावायची. खाचेतला कागद कोरा राहतो, बाकीचा काळा होतो. कागद वाळला की काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. दगड डोंगरात राहतो, तांब्याचा पत्रा कोणाच्या तरी घरी राहतो, अक्षरं आपल्याकडे येतात. मला हे काम आवडायचं. त्यात कोणाशी बोलावं लागत नसे. कार्यालयात बायका नव्हत्या. दुपारी सगळे पुरुष एका टेबलावर डबे उघडायचे आणि मी मागच्या व्हरांड्यात कडुलिंबाकडे तोंड करून जेवायची. कोणी मला हाकललं नव्हतं. कोणी बोलावलंही नव्हतं.

जुन्या मूर्तींची नोंदणी करायचा कायदा नवा नवा आला होता. तेवरच्या पुढे, नर्मदेच्या बाजूला एका खेड्यात कोणाच्या तरी घरी धातूची मूर्ती आहे आणि तिच्याखाली अक्षरं आहेत, असं तिथल्या शाळामास्तरांनी कळवलं. साहेबांनी मला आणि एका वयस्कर चपराशाला पाठवलं. बस फाट्यावर उतरवून गेली. तिथून शेतांमधून चालत गेलो.

घर एका केवट म्हातारीचं होतं. नवरा नाव चालवायचा, तो कधीच गेला होता. मुली दूर दिलेल्या. घरात ती एकटी. मातीच्या भिंतीत कोनाडा, आणि कोनाड्यात तिची माई बसलेली, वीतभर उंचीची, शेंदरानं इतकी माखलेली की नाकडोळे कळत नव्हते. तिच्या सासऱ्याच्या नांगराला ती लागली होती, तेव्हापासून घरात होती.

म्हातारीनं मला आधी नीट न्याहाळलं. लग्न झालंय का, विचारलं. मी नाही म्हटलं. मग विचारलं, "कौन जात?"

"बौद्ध."

"वो का होत?"

मी हिंदीत सांगितलं, बुद्ध भगवानाला मानणारे. तिनं ते ऐकलं, मला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. या प्रश्नानंतरची ती नजर मला ओळखीची होती. मी पिशवी उचलायच्या बेतात होते. म्हातारी उठली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "हाथ धो लो." माईला हात लावण्याआधी ती प्रत्येकालाच असं सांगत असणार. मी हात धुतले.

शेंदूर निघता निघेना. दर नवरात्रात ती मूर्तीची बैठक तेवढी चिंचेनं आणि राखेनं घासायची आणि वरचा जुना थर न काढताच सगळीवर पुन्हा शेंदूर चढवायची. मी मोहरीचं तेल मागितलं. तेल लावून शेंदूर मऊ केला, कापडानं पुसला, अक्षरांतला लिंबाच्या काडीनं काढला. चपराशी ओट्यावर बसून पेंगत होता. म्हातारी माझ्या शेजारी उकिडवी बसून पाहत होती, लेकराला न्हाऊ घालताना दाई काही चुकतेय का पाहावं तशी. हळूहळू खालून कांस्य दिसू लागलं. काळपट हिरवं. एक पाय खाली सोडून बसलेली देवी, हातात कमळाचा देठ. मी पुस्तकांत पाहिलेली तारा. बौद्धांची तारा, कलचुरी राजांच्या काळातली. आणि बैठकीच्या पट्टीवर दोन ओळी.

मी तीन ठसे घेतले. कांस्य लहान, पट्टी बोटभर रुंद, ब्रश जपून मारावा लागला. तिसऱ्याला शाई कमी पडली, तो फिका आला. कागद उन्हात ठेवले आणि वाळता वाळता मी अक्षरं लावू लागले. त्या काळातलं संस्कृत, तेही अशुद्ध, कोरणाऱ्याला व्याकरण फारसं येत नसावं. एकेक अक्षर मी तोंडानं म्हणत होते.

म्हातारी जवळ सरकली. "का लिखो है, बाई?"

मी सांगितलं. ही मूर्ती एका उपासिकेनं दान दिली. या दानाचं पुण्य तिच्या आईवडिलांना आणि सगळ्या जिवांना मिळो, असं लिहिलंय.

तिचं नाव काय, म्हातारीनं विचारलं.

नाव होतं, पण पहिलं अक्षर तेवढं उरलं होतं. 'म'. पुढची जागा गुळगुळीत झालेली. तिथं कागदावर नुसता काळा डाग आला होता. मी बोट ठेवून दाखवलं, म्हटलं, नाव घासून गेलंय.

तिनं स्वतःचे दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले. "हमई ने घिस डारो," ती म्हणाली. मीच घासून टाकलं.

मी म्हटलं, तुम्ही एकट्यानं नाही. मातीत जाण्याआधीही हिला कोणीतरी न्हाऊ घालतच असणार. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. जरा वेळानं तिनं विचारलं, त्या बाईचा नवरा, मुलंबाळं, त्यांचं काही लिहिलंय का?

"नाही. फक्त आईवडील."

"अच्छा," ती म्हणाली. "हमाई घाईं." माझ्यासारखीच. आणि मग माझ्याकडे पाहून हसली. तिच्या त्या 'माझ्यासारखी'त मीही होते, हे मला तेव्हाच कळलं.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. बाबा हातपाय धुऊन खाटेवर बसले होते. ते ऐकत होते, पण उपासिका हा शब्द आला तसे ताठ झाले.

"काय लिहून आहे म्हणली? उपासिका?"

"हो बाबा."

"आपली?"

"आपलीच म्हणा. हजार वर्षं तरी झाली असतील."

नागपूरला दीक्षेला बाबा गेले होते, आईला आणि आम्हा दोघांना घेऊन. मला गर्दीतलं आईचं पांढरं लुगडं तेवढं आठवतं. परत आल्यावर क्वार्टरांतल्या लोकांनी खूप दिवस विचारलं होतं, नवा धर्म कसा वाटतो. नवा, नवा. बाबा हसून सोडून द्यायचे. आता त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले.

"म्हणजे आपण नवे नाही म्हणून राहिली का तू?"

बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी ते पाहिलेलं त्यांना नको होतं, म्हणून मी चहा ठेवायला उठले.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "चाल, मले दाखव." स्वच्छ पांढरा सदरा घातला. म्हातारीनं आम्हाला ओळखीच्या पाहुण्यांसारखं घरात घेतलं. माईवर पुन्हा शेंदूर चढला होता, पण पट्टी तिनं मोकळी ठेवली होती. बाबांनी गुडघे टेकले, हात जोडले आणि त्रिशरण म्हटलं, मग पंचशील. बाबांची शाळा चौथीपर्यंत झालेली. हे सगळं त्यांनी मोठेपणी कारखान्यातून येता-जाता सायकलवर घोकून पाठ केलं होतं. म्हातारीही हात जोडून ऐकत राहिली.

संपल्यावर तिनं विचारलं, ही कोणती बोली?

"पाली," बाबा म्हणाले.

"कौन देस में बोलत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "अब कहीं नहीं बोलते, दीदी," बाबा म्हणाले. "हम लोग बस इतना बोलते हैं, रोज."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीजवळ बसले होते. भेडाघाटहून परतणाऱ्यांची गर्दी होती. खूप वेळानं म्हणाले, "तिचं नाव राह्यलं असतं तं बरं झालं असतं."

साहेबांना मूर्ती संग्रहालयात हवी होती. म्हातारी म्हणाली, मी मेल्यावर घेऊन जा. साहेब भले होते. नोंद करून ठेवू, म्हणाले, पावसाळा सरला की फोटो काढणाऱ्याला पाठवू. दोन ठसे सरकारी फायलीत गेले. तिसरा, फिका, माझ्या टेबलाच्या खणात राहिला.

पाऊस सरायच्या आतच एका सकाळी म्हातारी कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसलेली दिसली. एकटी बसनं आली होती. शहरात ओमतीच्या थांब्यावर उतरून विचारत विचारत सिविल लाइन्सपर्यंत चालत आली. तिला ना माझं नाव माहीत होतं ना कार्यालयाचं. 'कागजवाली बाई कहाँ बैठत?' एवढंच तिनं सगळ्यांना विचारलं होतं.

माई चोरीला गेली होती. म्हातारी नदीवर गेली असताना. कोनाड्यात फक्त शेंदराचा गोल डाग उरला होता. मी साहेबांना सांगितलं, तिला घेऊन ठाण्यात गेले, तक्रार लिहवली. हवालदारानं विचारलं, मूर्ती कशी दिसत होती. म्हातारी म्हणाली, "माई जैसी." तिला दुसरं काही सांगता येईना. तिनं ती कधी शेंदराशिवाय पाहिलीच नव्हती, माझ्यासोबतची ती एक दुपार सोडली तर. मी सांगितलं, वीतभर उंच, एक पाय खाली, हातात कमळ. फोटो आहे का, त्यानं विचारलं. नव्हता.

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. ती बशीतून चहा पीत होती. मग म्हणाली, "बाई, वो कागज है तुमाए पास?"

मी परत कार्यालयात गेले, खण उघडला आणि फिका ठसा काढून आणला. तो माझा होता, सरकारचा नव्हता. तिनं तो पदरानं पुसलेल्या हातांत घेतला, कपाळाला लावला. वाचता येत नव्हतं तरी 'म' कुठं आहे ते तिला आठवत होतं. तिनं तिथं बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

नंतर मी तिच्या घरी गेले तेव्हा तो ठसा कोनाड्यात उभा होता, भिंतीला गव्हाच्या खळीनं चिकटवलेला. समोर दिवा. कडांना शेंदूर लावलेला, मधली अक्षरं मोकळी. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. आम्ही फार बोलायचो नाही. तिची बुंदेली मला अर्धी कळायची. पण ओट्यावर तिच्याजवळ बसलं की मला त्या व्हरांड्यातल्या डब्याची आठवण येत नसे.

बाबांना झटका आला तो निवृत्तीनंतर, क्वार्टर सोडून आम्ही जवळच्याच वस्तीत राहायला आल्यावर. उजवी बाजू गेली. वाचा गेली, मग हळूहळू थोडी परतली. पण परतली ती मराठीच. आयुष्यभर बोललेली हिंदी कुठं गेली ते डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. कधी कधी असं होतं, ते म्हणाले, उशिरा शिकलेली भाषा आधी जाते. कारखान्यातला त्यांचा जोडीदार, चाळीसेक घरं पलीकडे राहणारा एक बंगाली काका, रोज संध्याकाळी येऊन खाटेशी बसायचा. बाबा त्याला काहीतरी सांगायचे. तो माझ्याकडे पाहायचा, "क्या बोल रहा है, बिटिया?" मी हिंदीत सांगायची. बाबा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचे, आपल्या मित्राला आपलं बोलणं का कळत नाही म्हणून गोंधळून.

मग माझंही अडू लागलं. बाबांचे शब्द मागं मागं जाऊ लागले, क्वार्टरातून गावात, गावातून लहानपणात. एक शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. "आखर." डावा हात दाराकडे करून, "आखरावर... आखरावर."

आखर म्हणजे इथल्या हिंदीत अक्षर. मला वाटलं, बाबांना त्या मूर्तीची अक्षरं आठवताहेत. मला इतकं भरून आलं. साहेबांची परवानगी काढून मी फायलीतला चांगला ठसा एका दिवसापुरता घरी आणला, बाबांच्या पुढ्यात धरला. म्हटलं, "हे बघा बाबा, आखर. उपासिका." बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हातानं कागद बाजूला केला आणि दाराकडे पाहत पुन्हा म्हणाले, "आखरावर." या वेळी रागानं.

भावाला विचारलं, त्याला ठाऊक नव्हतं. नागपूरची वहिनी म्हणाली, असा शब्द ऐकला नाही. हजार वर्षांपूर्वीच्या कोरणाऱ्याच्या चुका मला लावता येत होत्या. बाबा जायच्या दिवसापर्यंत तो शब्द म्हणत राहिले आणि मी नुसती "हो बाबा, हो" म्हणत राहिले.

बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला गावाहून बाबांची धाकटी बहीण आली, गोंदियाच्या छोट्या गाडीनं दिवसभर प्रवास करून. लोक गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. मी आत्याला विचारलं.

"आखर?" आत्या म्हणाली. "अवो, आखर मालूम नाही तुले? गावाच्या बाहेर जिथं ढोरं गोळा होतेत ते. सकायी साऱ्या गावचे ढोरं आखरावर आणून उभे करतेत, मंग राखणारा घेऊन जाते. तुहा बाप लहानपनी ढोरंच राखे. सांज झाली का आमची माय आखरावर जाऊन उभी राहे, त्याची वाट पाहात."

मी भांडी विसळत होते. नळ तसाच चालू राहिला. आत्यानं उठून तो बंद केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

ती आठवडाभर राहिली. मी तिला शब्द विचारत राहिले, भांड्यांचे, धान्याचे, पाखरांचे, आजारांचे. ती हसायची. "सायबीन झाली अन् इळ्याचं नाव इचारून राहिली." पण सांगायची. ती असेपर्यंत घरात आवाज होता. निघताना "माह्यासंग चाल" म्हणाली. माझी नोकरी होती. मी स्टेशनवरून परत आले आणि कुलूप काढताना माझ्या लक्षात आलं की आता आत जाऊन कोणाशीही मराठीत बोलायचं नाहीये.

केवट म्हातारी त्यानंतर दोन-तीन पावसाळे जगली. ती गेली तेव्हा मला कोणी कळवलं नाही. कळवणार तरी कसं? मी गेले तेव्हा दाराला तिच्या पुतण्याचं कुलूप होतं. त्यानं उघडून दाखवलं. ठसा भिंतीवरच होता, ओल लागून फुगलेला, अक्षरं पसरलेली. पुतण्या म्हणाला, हवा असेल तर घेऊन जा. काढायला गेले तर माती सुटू लागली. मी तसाच ठेवला. मूर्ती आजतागायत सापडलेली नाही. कार्यालयाच्या एका वार्षिक अहवालात तो मूर्तीवरचा लेख छापला आहे, दोन ओळी, आणि 'म'च्या पुढे टिंबं.

निवृत्त झाल्यावर मी बाबांच्या गावाला गेले. आत्याही तोवर गेली होती. बसमधून उतरले, आणि चहाच्या टपरीवर बसलेली चार माणसं बाबांच्या आवाजात बोलत होती. तेच हेल, तोच ठसका. मी तिथंच उभी राहून ऐकत राहिले. एवढ्या सगळ्या लोकांना बाबांसारखं बोलता येतं, याचं मला नवल वाटत होतं.

एका बाईला विचारलं, आखर कुठं आहे. तिनं शाळेपलीकडची मोकळी जागा दाखवली. आता तिथं सोसायटीचं गोदाम होतं, पोरांची क्रिकेटची विकेट होती, आणि कडेला चिंचेखाली मोजकीच ढोरं उभी होती. मी चिंचेखाली गेले. ती बाई मागोमाग आली. तिला वाटलं असणार, ही अशी काय पाहतेय.

"कोणाकडे आल्या तुम्ही?" तिनं विचारलं.

मी बाबांचं नाव सांगितलं, बाबांच्या बापाचं सांगितलं. तिला आठवेना. मी म्हटलं, "अच्छा, चलो, कोई बात नहीं," आणि जीभ चावली.

"तुम्ही हिंदीवाल्या का?" ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "माझे बाबा इथले."

तिनं मान डोलावली, पण पुढचं सगळं ती माझ्याशी हिंदीतच बोलली, मोडकंतोडकं, पाहुणीला समजावं म्हणून जपून. चहा घ्यायचा आग्रहही हिंदीत. मी तिच्या ओसरीवर बसून चहा घेतला. तिच्या सासूनं आतून विचारलं, कोण आलं ओ? आणि तिनं सांगितलं, "कोणी नाही, तिकडची बाई आहे एक. गाडी येईपर्यंत बसून आहे."